छातीत इतका कफ का होतो? दमा, सीओपीडी, जुना टीबी आणि पेशींच्या आतली कारणं

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)

दम्यावरचा किंवा जुन्या खोकल्यावरचा कुठलाही धागा उघडा, एक वाक्य हमखास सापडतं : "कफ सुटतच नाही हो, काहीतरी पातळ करणारं सांगा." मग खाली काढे, सिरपं, वाफारे यांची रीघ लागते. मी श्वासमार्गाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम करते आणि हे वाचताना दर वेळी वाटतं, की त्याआधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही. हा कफ झाला कशामुळे? दम्यातला कफ, धुरामुळे झालेला कफ आणि जुन्या टीबीनंतर राहिलेला कफ बेसिनमध्ये साधारण सारखाच दिसतो. पेशीला मिळालेला हुकूम मात्र तिन्हींत वेगळा असतो. तो हुकूम कळला तरच औषध बरोबर जागी लागतं. म्हणून हा धागा.

कफ ही मुळात वाईट गोष्ट नाही. निरोगी माणसाच्या श्वासनलिकांवरही त्याचा पातळ थर असतोच. त्यात ९७-९८ टक्के पाणी, थोडं मीठ, जंतूंशी लढणारी प्रथिनं आणि म्युसिन नावाचे फार लांब रेणू असतात. म्युसिन शेकडा एकाहूनही कमी, पण कफाला चिकटपणा आणि ताणलं जाण्याचा गुण येतो तो त्यांच्यामुळेच. श्वासमार्गात जेल तयार करणारी मुख्य म्युसिनं दोनच : मक५बी आणि मक५एसी.

रोजची साफसफाई मक५बीच्या जिवावर चालते. २०१४ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका कामात उंदरांमधलं मक५बीचं जनुक काढून टाकलं होतं. त्या उंदरांच्या कानांत आणि फुप्फुसांत जंतू साठत गेले आणि बरेचसे उंदीर दगावले. मक५एसी काढलेले उंदीर मात्र ठणठणीत राहिले. एवढंच नाही, पुढच्याच वर्षीच्या प्रयोगात त्यांना अ‍ॅलर्जी दिली तेव्हा त्यांच्या श्वासनलिका साध्या उंदरांसारख्या आवळल्या नाहीत आणि तुंबल्याही नाहीत. मग हे मक५एसी शरीरानं ठेवलंय कशाला, असं कुणालाही वाटेल. आतड्यात त्याचा उपयोग दिसतो, तिथे कृमी हुसकावायला ते लागतं. कृमींविरुद्धची हीच यंत्रणा धुळीच्या किड्यांवर किंवा परागकणांवर उलटली की दमा होतो.

तिचा सूत्रधार आयएल-१३ नावाचं एक छोटं संदेशवाहक प्रथिन आहे. १९९८ साली दोन वेगवेगळ्या गटांनी 'सायन्स'च्या एकाच अंकात दाखवलं, की उंदराला नुसतं आयएल-१३ दिलं तरी दम्यासारखी लक्षणं उभी राहतात, कफासकट. ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, त्यामुळे आत स्टॅट६ हे प्रथिन जागं होतं आणि केंद्रकात जातं. तिथे एसपीडीईएफ नावाचा स्विच चालू होतो आणि आजवर कफाला आवर घालणारा फॉक्सए२ हा स्विच बंद पडतो. परिणामी साध्या स्रावी पेशी कफानं भरलेल्या गॉब्लेट पेशी होऊन बसतात आणि मक५एसी भरमसाट बनवू लागतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. आम्ही या पेशी बारीक छिद्रांच्या पडद्यावर वाढवतो, खालून पोषक द्रव आणि वरून हवा. तीन-चार आठवड्यांत त्यांना सिलिया फुटतात, म्हणजे पेशीच्या माथ्यावरचे सूक्ष्म हलणारे केस. मायक्रोस्कोपखाली ठेवलं की वरचा कफ संथपणे गोल फिरताना दिसतो आणि त्याच्यासोबत मेलेल्या पेशींचे ठिपके. आता खालच्या द्रवात आयएल-१३ घाला. एक-दोन आठवड्यांत ते फिरणं मंदावतं, कुठे कुठे पार थांबतं. भिंग वाढवून पाहिलं तर सिलिया हलतच असतात! कफ तेवढा जागचा ढळत नाही. वरून सलाइन घालून धुवायला जावं तर पिपेटच्या टोकाला एक तार लागते. टोक वर उचललं की ती लांबत जाते, पण तिचं दुसरं टोक पेशी सोडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं २०१६ साली याचं कारण दाखवलं : मक५एसीनं भरलेला कफ बाहेर पडल्यावरही गॉब्लेट पेशीला बांधलेलाच राहतो.

म्हणजे दम्यात कफ नुसता जास्त होत नाही, तो पेशीला धरून बसतो. पातळ करणाऱ्या सिरपानं ही गाठ सुटत नाही. आयएल-१३चा हुकूम थांबला तरच नव्यानं होणारा कफ मोकळा होतो. श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड, ज्याला आपण सगळे 'पंप' म्हणतो आणि ज्याची उगाच भीती बाळगतो, ते दम्यात कफही कमी करतं ते याच कारणानं : हुकूम देणाऱ्या पेशींनाच ते शांत करतं.

धूर, पाणी-मीठ आणि जुना संसर्ग यांचं प्रतिसादांत बोलू. मी डॉक्टर नाही, कुणाच्या औषधात बदल सुचवणार नाही.

चौकस

उत्तम धागा. आमच्या आईनं उभ्या जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही. तरी तिला सीओपीडी (श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार) आहे असं निदान झालं, तेही फार उशिरा. आधी बरीच वर्षं 'जुनाट सर्दी' म्हणूनच औषधं चालली होती. रोज सकाळी तासभर खाकरून बेडके काढते तेव्हा कुठे तिला बरं वाटतं. चुलीवर स्वयंपाक केला जवळजवळ पस्तीस वर्षं. चुलीच्या धुरानंही आयएल-१३च वाढतं का?

सूक्ष्मदर्शी

@चौकस, नाही, धुराची वाट बरीचशी वेगळी आहे. आईंना ज्या गोष्टीनं त्रास झाला तिच्याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लाकूड, गोवऱ्या, तंबाखू, काहीही जळलं तरी धुरात अ‍ॅक्रोलीनसारखी तिखट रसायनं आणि ऑक्सिडंट तयार होतात. पेशीच्या पृष्ठभागावर काही वाढ-संदेश (मुख्यतः टीजीएफ-अल्फा) आधीपासून बांधून ठेवलेले असतात. धुरामुळे एडीएएम१७ नावाचं कापणारं प्रथिन सक्रिय होतं आणि ते हे संदेश कापून मोकळे करतं. मोकळा झालेला संदेश तिथल्याच ईजीएफआर या रिसेप्टरवर जाऊन बसतो. हा रिसेप्टर एरवी जखम भरून काढायच्या कामाचा. त्याला वाटतं अस्तर फाटलंय, आणि दुरुस्तीचा भाग म्हणून तो मक५एसी बनवायला लावतो. ईजीएफआर आणि म्युसिन यांचं नातं १९९९ साली, पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोमध्येच, जे नाडेल यांच्या गटानं उलगडलं.

पस्तीस वर्षं दिवसातून दोनदा ही जखम होत राहिली, तर दुरुस्ती कधी थांबणार?

धुराचा आणखी एक घाव आहे. पेशीतून क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडणारा सीएफटीआर हा मार्ग सिगारेटच्या धुरानं मंदावतो. मीठ बाहेर आलं नाही तर त्यामागून पाणीही येत नाही. म्हणजे एकीकडे म्युसिन वाढलं, दुसरीकडे पाणी घटलं. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये बेडक्यातल्या म्युसिनचं मोजमाप आलं होतं. कधीही धूम्रपान न केलेल्यांत दर मिलीलिटरला सरासरी १,५१५ मायक्रोग्रॅम, तर सीओपीडी बळावलेल्या आजी-माजी धूम्रपान करणाऱ्यांत ३,१६६. दोन्ही म्युसिनं वेगळ्या पद्धतीनं स्वतंत्र मोजली तेव्हा मक५बी तिपटीच्या आसपास वाढलेलं, आणि मक५एसी दहापट! एकूण दुप्पट हा आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. पण म्युसिनचं प्रमाण एवढं वाढलं की वरचा कफ सिलियांभोवतीचं पाणी ओढून घेतो, सिलिया दबतात आणि त्यांना हलायला जागाच उरत नाही.

सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. चुलीचा धूर हे जगातलं सीओपीडीचं बहुधा सगळ्यात मोठं कारण असावं, असं त्यांनी त्यात मांडलं. आपल्या गावागावांतल्या बायकांची ही गोष्ट आहे, आणि ती पुण्यातून जगापुढे मांडली गेली याचा मला फार अभिमान वाटतो.

कोकणवारा

चुलीबद्दल लिहिलंत ते पटलं. आमच्याकडे पावसाळ्यात ओली लाकडं जाळतात, खोलीत समोरचा माणूस दिसत नाही. रात्री मच्छरसाठी कॉइल, तीही बंद खोलीत. तिचं काय?

सूक्ष्मदर्शी

@कोकणवारा, कॉइलवर २००३ मध्ये मोजमाप झालंय : एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. धूर तो धूरच, पेशीला तो कशातून आला याच्याशी देणंघेणं नाही. मच्छरदाणी लावा. ओल्या लाकडात ज्वलन अर्धवट होतं, त्यामुळे अ‍ॅक्रोलीनसारखी रसायनं जास्त. गॅस परवडत नसेल तिथे निदान धुराडं आणि सुकं जळण.

लेकुरवाळी

माझा प्रश्न अगदी घरगुती आहे. लेक साडेतीन वर्षांची, बालवाडी सुरू झाल्यापासून दर महिन्याला सर्दी. शेंबूड आधी पाण्यासारखा, मग पिवळा, मग हिरवा. हिरवा झाला की सासूबाई म्हणतात "आत इन्फेक्शन उतरलं, अँटिबायोटिक आणा." हिरवा रंग म्हणजे बॅक्टेरिया का?

सूक्ष्मदर्शी

@लेकुरवाळी, तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा आहे. न्युट्रोफिल पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम खच्चून भरलेलं असतं आणि त्यातल्या लोहामुळे ते हिरवं दिसतं. साध्या व्हायरसच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्युट्रोफिल गोळा होतात आणि शेंबूड हिरवा होतो. रंग सांगतो की फौज आली आहे, शत्रू कोण हे सांगत नाही. सर्दीचा ऱ्हायनोव्हायरसही वर सांगितलेल्या ईजीएफआरच्या वाटेनं कफ वाढवतो, त्याला बॅक्टेरियाची गरज नसते.

छातीचा_डॉक्टर

@लेकुरवाळीताई, वरच्या उत्तरात भर. मुलगी खेळतेय, खातेय, ताप नाही, तर नुसत्या हिरव्या रंगावर अँटिबायोटिक नको. श्वास जोरात चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ताप उतरत नसेल किंवा बाळ मलूल असेल तर मात्र घरी थांबू नका. आणि दुकानातून परस्पर सर्दीचं औषध आणू नका. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनीच डिसेंबर २०२३ मध्ये काढला आहे. नाकात साधे सलाइनचे थेंब, भरपूर पाणी, झोप.

वनौषधी

सगळं आधुनिकच चाललंय म्हणून विचारते. आमच्या आजोळी परसात अडुळसा असायचा. खोकला झाला की पानं वाफवून रस काढून मधातून द्यायचे, आणि कफ सुटायचा, हे मी स्वतः पाहिलंय. या रेणूंच्या गोष्टीत त्याला काही जागा आहे की नाही?

सूक्ष्मदर्शी

@वनौषधी, आहे, आणि चांगली मानाची आहे. अडुळशातलं मुख्य अल्कलॉइड म्हणजे व्हॅसिसिन. त्याच्या रचनेवरून १९६०च्या दशकात ब्रोमहेक्सिन बनवलं गेलं. शरीरात ब्रोमहेक्सिनचं जे रूपांतर होतं ते अ‍ॅम्ब्रॉक्सॉल, तेही पुढे स्वतंत्र औषध झालं. आज भारतातल्या किती खोकल्याच्या बाटल्यांवर ही दोन नावं दिसतात ते पाहा. तुमच्या आजोळचं झाड थेट त्या बाटलीत आहे.

पण त्याची पोच कुठवर आहे हेही पाहायला हवं. ही औषधं बाहेर पडलेला कफ सैल करायला, स्राव पातळ करायला थोडीफार मदत करतात. स्टॅट६ किंवा ईजीएफआरचा हुकूम ती थांबवत नाहीत. साध्या खोकल्यात मूळ हुकूम आठवड्याभरात आपोआपच थांबतो, त्यामुळे तेवढी मदत पुरते. दम्यात तो वर्षानुवर्षं चालू असतो. दमेकऱ्याचा पंप बंद करून नुसत्या अडुळशावर ठेवणं म्हणूनच धोक्याचं आहे.

छातीचा_डॉक्टर

शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. दम्याच्या झटक्यात गेलेल्या माणसांच्या शवविच्छेदनात फुप्फुसं फुगलेली आणि श्वासनलिका चिकट बुचांनी गच्च भरलेल्या सापडतात. आम्हाला शिकवताना हे फक्त शेवटच्या झटक्यात घडतं असं वाटायचं. आता सीटी स्कॅनवर रोजच्या दमेकऱ्यांतही ही बुचं दिसतात. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात ५८ टक्के दमेकऱ्यांच्या फुप्फुसात निदान एका भागात तरी बूच होतं, निरोगी लोकांत ४.५ टक्के. बऱ्याच जणांच्या बाबतीत वर्षानुवर्षं बूच त्याच जागी! यातल्या कित्येकांना खोकला-बेडका फारसा नसतो. म्हणून "मला कफच होत नाही, मग दमा कसला" असं म्हणणाऱ्या पेशंटला मी हल्ली हे चित्रच दाखवतो.

धागाकर्तींना विनंती, बूच इतकं घट्ट का होतं ते लिहाल का? पेशंटना समजावताना उपयोगी पडेल.

सूक्ष्मदर्शी

@छातीचा_डॉक्टर, त्याच २०१८ च्या कामात त्याचं उत्तर आहे. म्युसिनच्या साखळीत सिस्टीन नावाची अमिनो आम्लं असतात, त्यांच्यावर गंधकाची टोकं. ऑक्सिडेशन झालं की दोन शेजारच्या साखळ्यांची गंधकाची टोकं एकमेकांना जोडली जातात, म्हणजे डायसल्फाइड बंध होतो. इओसिनोफिल या अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी पेरॉक्सिडेज हे एन्झाइम सोडतात आणि नेमकं हेच ऑक्सिडेशन घडवतात. बूच जितकं जास्त, तितके इओसिनोफिलही जास्त आढळले. वरून इओसिनोफिल फुटल्यावर गॅलेक्टिन-१० नावाच्या प्रथिनाचे टोकदार स्फटिक तयार होतात. दमेकऱ्यांच्या बेडक्यातले हे शार्को-लायडन स्फटिक एकोणिसाव्या शतकापासून डॉक्टरांना माहीत होते. ते नुसते पडून राहत नाहीत, स्वतःच दाह आणि कफ वाढवतात, हे मात्र २०१९ मध्ये कळलं.

म्हणून दम्यातलं बूच वाढत जातं : आयएल-१३मुळे मक५एसी, इओसिनोफिलमुळे बंध, स्फटिकांमुळे आणखी दाह, त्यातून आणखी आयएल-१३.

आयएल-४ आणि आयएल-१३ या दोघांचा सामाईक रिसेप्टर अडवणारं डुपिलुमॅब आणि त्याही आधीच्या टीएसएलपी या संदेशाला अडवणारं टेझेपेलुमॅब, दोन्हींच्या चाचण्यांत सीटीवरची बुचं खरोखर कमी झाली. कफ पातळ करणारा एकही घटक त्यांत नाही. नुसता हुकूम थांबवला आणि बुचं गेली, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

बोस्टनवारी

इकडे अमेरिकेतून वाचतोय. माझ्या भाच्याला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफटीआरचं जनुक बिघडल्यानं होणारा जन्मजात आजार, कफ फार घट्ट होतो) आहे. इथे नवजात बाळांची चाचणी होते म्हणून लगेच कळलं. भारतातल्या नातेवाइकांना समजावताना नाकी नऊ येतात, सगळे म्हणतात "कफप्रकृती आहे, मोठा झाला की जाईल." धाग्यात सीएफटीआरचा उल्लेख आला म्हणून विचारतो. त्याच्या शरीरात मक५एसी जास्त बनतं म्हणून हे होतं का?

सूक्ष्मदर्शी

@बोस्टनवारी, भाच्याच्या आजारात सुरुवात म्युसिनपासून होत नाही, पाणी आणि मिठापासून होते. सीएफटीआरचं जनुक १९८९ साली सापडलं. ते बिघडलं की क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर येत नाहीत.

बायकार्बोनेटचं महत्त्व कळायला म्युसिन पेशीत कसं साठवलेलं असतं ते पाहावं लागतं. एवढा लांब रेणू इवल्याशा पिशवीत दाबून भरलेला असतो, कॅल्शियमनं बांधून आणि आम्लात ठेवून. पिशवी उघडली की बाहेरचं बायकार्बोनेट कॅल्शियम काढून घेतं, म्युसिन पाणी शोषतं आणि भिजवलेल्या सब्जासारखं फुगतं, फक्त शेकडो पटींनी. बायकार्बोनेट आणि पाणी दोन्ही कमी पडलं तर ते नीट उलगडतच नाही आणि दाट गोळ्यासारखं ग्रंथींच्या तोंडाशी अडकून बसतं.

नुसत्या पाण्याच्या कमतरतेनं एवढं होऊ शकतं का, अशी शंका पूर्वी खूप जणांना होती. २००४ साली मार्कुस माल आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या श्वासमार्गात सोडियम आत शोषून घेणारा मार्ग जास्त चालतो. सीएफटीआर शाबूत, संसर्ग नाही, अ‍ॅलर्जी नाही. तरीही त्यांच्या श्वासनलिका कफानं तुंबल्या आणि मागोमाग दाह आला. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग आहे, कारण कोण आधी आणि कोण नंतर याचा निकाल त्यानं लावला.

बोस्टनवारी

मनापासून धन्यवाद. २०१९ नंतर तीन औषधांची एकत्र गोळी आली, एलेक्साकाफ्टर-टेझाकाफ्टर-आयव्हाकाफ्टर. भाच्याला ती सुरू झाली तेव्हा पहिल्याच दिवशी इतका कफ पडला की ताई घाबरून गेली. डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती म्हणून बरं. आता तो फुटबॉल खेळतो. ही गोळी सीएफटीआरच दुरुस्त करते ना?

सूक्ष्मदर्शी

हो. त्यातली दोन औषधं चुकीची घडी पडलेलं सीएफटीआर नीट घडवून पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचवतात आणि तिसरं तो मार्ग उघडा ठेवतं. पाणी परतलं की साठलेला कफ एकदम सुटतो, ताईंनी तेच पाहिलं. भाच्याचं वाचून फार आनंद झाला.

पिंपळपान

माझे वडील, वय ६८. तरुणपणी टीबी झाला, कोर्स पूर्ण केला, बरे झाले. पण उजव्या बाजूला ब्रॉन्किएक्टेसिस राहिलं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंद झाल्या. रोज अर्धी वाटी पिवळा कफ, वर्षातून दोन-तीनदा अ‍ॅडमिट. टीबी नाही, दमा नाही, सिगारेट नाही. मग यांना हुकूम कोण देतंय?

सूक्ष्मदर्शी

@पिंपळपान, तुमच्या वडिलांसारखे रुग्ण आपल्याकडे फार आहेत. भारतातल्या ब्रॉन्किएक्टेसिसच्या २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ साली प्रसिद्ध झाली, त्यात सगळ्यात मोठं कारण टीबी निघालं, ३५.५ टक्के. युरोपातलं चित्र एकदम वेगळं आहे, म्हणून तिकडच्या पुस्तकांत हा भाग दोन ओळींत आटोपतो.

इथे हुकूम न्युट्रोफिलचा. टीबीनं नळ्या कायमच्या रुंद आणि सैल झाल्या, तिथे कफ साचतो, साचलेल्यात जंतू राहतात, त्यांच्यामागे न्युट्रोफिल येतात. न्युट्रोफिल इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात. जंतू मारायला ते हवंच, पण जास्त झालं की गॉब्लेट पेशींना ते पिशव्या रिकाम्या करायला लावतं. कफ बाहेर ढकलायला लावणाऱ्या ज्ञात पदार्थांत ते अत्यंत जोरकस आहे. शिवाय ते एडीएएम१७-ईजीएफआरच्या वाटेनं नवं म्युसिन बनवायला लावतं, सिलियांना इजा करतं आणि नळीच्या भिंतीतलं इलास्टिनही खातं. त्यामुळे नळी आणखी सैल होते. मेलेल्या न्युट्रोफिलमधलं डीएनए कफात मिसळतं, तो आणखी चिकट होतो.

अस्थिमज्जेत न्युट्रोफिल तयार होतानाच इलास्टेज सक्रिय करणारं डीपीपी१ नावाचं एन्झाइम असतं. ते अडवणारी ब्रेनसोकॅटिब ही गोळी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत ब्रॉन्किएक्टेसिससाठी मंजूर झाली. या आजारासाठीच म्हणून मंजूर झालेलं ते तिथलं पहिलं औषध. इतक्या मोठ्या संख्येनं रुग्ण असलेल्या आपल्या देशात ते लवकर आणि परवडेल अशा किमतीत यायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

चौकस

मग आईसारख्यांसाठी ईजीएफआर अडवणारं औषध का देत नाहीत? कॅन्सरमध्ये अशी औषधं वापरतात असं ऐकलंय.

सूक्ष्मदर्शी

@चौकस, नेमकं हेच करून पाहिलं गेलंय. श्वासातून घ्यायच्या ईजीएफआर-रोधकाची सीओपीडीत चाचणी झाली, २०१० साली निकाल आला. पेशींमधला म्युसिनचा साठा कमी झाला नाही आणि औषध नीट सोसवलंही नाही. शेवटी तो रिसेप्टर दुरुस्तीचा आहे, सरसकट बंद केला तर अस्तराचंच नुकसान.

मला जास्त आशा वाटते ती दुसऱ्या वाटेची. म्युसिन बनणं आणि ते बाहेर पडणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. पेशीबाहेर एटीपी (पेशींचा ऊर्जेचा रेणू, इथे संदेश म्हणून काम करतो) वाढलं की आत कॅल्शियम उसळतं, ते सिनॅप्टोटॅग्मिन-२ या प्रथिनाला कळतं आणि सगळ्या पिशव्या एकदम फुटतात. थोडं थोडं निघणारं म्युसिन वाहून जातं, एकदम ओतलेलं बूच होतं. २०२२ साली 'नेचर'मध्ये एका छोट्या पेप्टाइडचं (प्रथिनाच्या तुकड्याचं) काम आलं. ते फक्त हे एकदम ओतणं अडवतं, रोजचा संथ स्राव चालू राहतो. उंदरांत ते चाललं. माणसांपर्यंत यायला वेळ आहे, पण मक५बीचं काम न बिघडवता मक५एसीचा लोंढा रोखायचा विचार मला अगदी योग्य वाटतो.

वनौषधी

आणि त्या पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या? आमच्याकडे सर्रास देतात.

सूक्ष्मदर्शी

@वनौषधी, एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. वर सांगितलेले गंधकाचे बंध तोडायला ती असते, कल्पना बरोबर आहे. पण त्या कामासाठी तिची ताकद कमी, आणि गोळी पोटातून घेतल्यावर कफापर्यंत फारच थोडी पोचते. याहून जोरकस बंध तोडणारे रेणू श्वासातून देण्यावर संशोधन चालू आहे.

पिंपळपान

सगळं समजलं, पण नवी औषधं इथे कधी येतील कोण जाणे. उद्या सकाळी वडिलांसाठी मी काय करू शकतो?

छातीचा_डॉक्टर

@पिंपळपान, तुमच्या डॉक्टरांना विचारून पुढचा क्रम बसवून घ्या. आधी श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप, स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) लावून. दहा-पंधरा मिनिटांनी नेब्युलायझरमधून ३ किंवा ७ टक्के मिठाचं सलाइन. ते पाणी खेचून आणतं. ऑस्ट्रेलियात समुद्रात सर्फिंग करणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांची छाती बरी असते हे डॉक्टरांच्या लक्षात आलं, त्यातून हा उपाय पुढे आला आणि २००६ मध्ये मोठ्या चाचणीत तपासला गेला. पहिला डोस मात्र दवाखान्यातच घ्या, काहींची छाती त्यानं आवळते. त्यानंतर लगेच फिजिओथेरपी : उजवी बाजू वर करून कुशीवर झोपणं, लांब श्वास, मग तोंड उघडं ठेवून 'हफ' करत जोरात उच्छ्वास. नुसतं पाठीवर थापटण्यापेक्षा हे जास्त उपयोगी. श्वासातून घ्यायचं अँटिबायोटिक असेल तर ते सगळ्यात शेवटी, कफ निघाल्यावर.

बेडक्याचं कल्चर (त्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) वर्षातून एकदा तरी करून घ्या आणि टीबीची तपासणीही. काहींना कमी मात्रेत अझिथ्रोमायसिन बरेच महिने देतो, त्यानं अ‍ॅडमिट व्हायची वेळ कमी येते. पण ते सुरू करण्याआधी टीबीसारखे इतर मायकोबॅक्टेरिया कफात नाहीत ना हे बघावंच लागतं, शिवाय ईसीजी आणि कानांची तपासणी. इन्फ्लुएंझा आणि न्यूमोकोकसची लस राहिली असेल तर याच महिन्यात घ्या. आणि कफात रक्त दिसलं, थोडं जरी, तर त्याच दिवशी दाखवा.

पिंपळपान

लिहून घेतलं डॉक्टर. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, सलाइनचं आणि कल्चरचं विचारून इथे कळवतो.